चुली मोडणारा विल्यो

विल्यो तुरुनेननं उभ्या आयुष्यात चुली बांधल्या आणि म्हातारपणी त्या एकेक करून स्वतःच्याच हातानं मोडल्या. लोक म्हणाले, बिचारा. मीही म्हणाले. दुसऱ्याला बिचारा म्हणायला पदरचं काही खर्च होत नाही, म्हणून आपण ते फार पटकन म्हणतो.

आमच्या हाउकिवारा गावात एकही जुनं घर असं नव्हतं, ज्यात त्याच्या हातची चूल नाही. चूल म्हणजे नुसती रांधायची नव्हे. जमिनीपासून छतापर्यंत करड्या दगडाची, मागच्या खाणीतल्या शंखजिऱ्याच्या दगडाची, आणि एका बाजूला बसायला-निजायला कट्टा. संध्याकाळी बर्चची लाकडं भरून चांगला जाळ करायचा, निखारे विझले की धुराड्याची झडप लावून टाकायची. मग तो दगड दुसऱ्या संध्याकाळपर्यंत घर राखतो. बाहेर तळ्याचं बर्फ तडतड तडकत असलं तरी कट्ट्यावर पाठ टेकली की माणसाला काही मागावंसं वाटत नाही.

सगळी मेख त्या झडपेत. उशिरा लावली तर ऊब धुराड्यातून निघून जाते. लवकर लावली, निखाऱ्यांवर अजून निळी ज्योत हलत असताना, तर घरात वायू साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस झोपतो आणि उठत नाही. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि तरी पिढ्यान्‌पिढ्या कुणी ना कुणी झडप लवकर लावतंच. आमच्या लोकांना सगळं सोसतं, ऊब वाया गेलेली सोसत नाही. एवढ्या लांबच्या जंगलातून लाकूड ओढून आणलेलं असतं.

विल्यो आणि त्याची बायको लेम्पी, यांची मुलगी साइमी अशीच गेली. चार वर्षांची होती. घर नवं, चूल नवी, विल्योनं स्वतःच्या बायकोसाठी बांधलेली, गावात सगळ्यांत मोठी. पोरगी कट्ट्यावर निजायची, कारण तिथे सगळ्यांत ऊब. आईबाप आतल्या खोलीत होते आणि आतल्या खिडकीची फट नीट बुजवलेली नव्हती, म्हणून ते दोघं वाचले. मी तेव्हा शाळकरी होते आणि आमच्या दुकानात वडिलांना मदत करायचे. हवालदार आमच्याच दुकानात कॉफी प्यायला थांबला आणि वडिलांना म्हणाला, की विल्योनं सांगितलं, झडप मी लावली. विल्यो हे सांगत होता तेव्हा लेम्पी त्याच्या शेजारीच उभी होती, ती काही बोलली नाही. हवालदारानं अपघात म्हणून लिहिलं आणि विषय मिटला.

मिटला म्हणजे आमच्या पद्धतीनं मिटला. आमच्या गावात तळ्यात कुणी बुडताना दिसला, तर त्याला एकांत हवा असेल म्हणून लोक तोंड फिरवतील. कुणी काही विचारलं नाही. घरोघरी मातीच्या चुली, आमच्या दगडाच्या एवढाच फरक. ज्याचं दुःख त्यानं आपल्या दाराआड ठेवायचं. पण दोन हिवाळे विल्योला कुणी कामाला बोलावलं नाही. स्वतःच्या पोरीला ज्यानं मारलं, त्याच्याकडून चूल कोण बांधून घेणार, असं कुणी म्हणालं नाही, नुसतं बोलावलं नाही.

मग त्यानं झडपेच्या पत्र्यात भोक पाडायला सुरुवात केली. चांगलं मुठीएवढं, म्हणजे झडप पूर्ण लावली तरी थोडी वाट उघडी राहावी. थोडी ऊब जाते, पण माणूस राहतो. लोक कुरकुरले आणि मग बोलवू लागले, कारण त्याच्यासारखा सांधा बसवणारा दुसरा नव्हताच. आणखी एक खोड त्याला लागली. संध्याकाळी तो न सांगता कुणाच्याही घरात शिरायचा, बूट दारात काढायचा, चुलीचं दार उघडून सळईनं निखारे उलथेपालथे करायचा, निळं काही दिसतंय का बघायचा, आणि एक शब्द न बोलता निघून जायचा. माझा नवरा म्हणायचा, "विल्यो येऊन गेला, आता मरायची भीती नाही. झोपा." आम्ही हसायचो. पण विल्यो आला नाही तर मी स्वतः उठून निखारे बघायचे, हेही खरं.

लेम्पी कधी कुणाच्या घरी गेली नाही. शाळेत स्वयंपाक करायची, मुलांना वाढताना हात सढळ, तोंड बंद. त्यांना पुन्हा मूल झालं नाही. ती दोघं एकमेकांशी बोलायची ती हवामान, सरपण, मासे याबद्दल. नवरा-बायकोत एवढं बोलणं आमच्याकडे पुष्कळ समजतात.

ऐंशीच्या घरात आल्यावर लेम्पीच्या डोक्यातून गोष्टी गळायला लागल्या. आधी शेजाऱ्यांची नावं, मग दिवस, मग आपलं वय. आणि मग भर हिवाळ्यात ती खिडक्या उघडायला लागली. सगळ्या. दार सताड. विल्यो लाकडं आणायला बाहेर जायचा आणि परत आला की घरात बर्फ. त्यानं खिडक्यांना खिळे ठोकले, तर तिनं काच फोडली. एकदा ती उंबऱ्यावर नुसत्या पायमोज्यांवर बसलेली सापडली, दोन बोटं काळी पडलेली. त्यानंतर तिला वृद्धनिवासात नेलं. विल्यो मला म्हणाला, "तिथल्या खिडक्या उघडत नाहीत." एवढंच कारण त्यानं दिलं.

तो रोज दुपारी तिच्याकडे जायचा. पायानं ढकलायची घसरगाडी घेऊन, रस्त्याच्या कडेनं, डोक्यावर ती जुनी कानटोपी. परत येताना माझ्या खिडकीवरून जायचा आणि मान हलवायचा. मान कशी हलली त्यावरून मला तिकडचं कळायचं. बहुतेक दिवस वाईटच कळायचं.

त्याच सुमारास कणगी आली.

तिचं खरं नाव काहीतरी लांबलचक आहे. गावानं बघितलं, गोल, उंच, पत्र्याची, आत काहीतरी भरून ठेवायचं, म्हणून कणगी. सार्वजनिक सभागृहात त्याबद्दल सभा झाली. टाम्पेरे शहरातून एक तरुण इंजिनिअर आला होता, बर्फात चालणार नाहीत असे पातळ बूट घालून. त्यानं समजावलं ते बरं समजावलं. आमच्या मागच्या टेकड्यांवर पवनचक्क्या उभ्या आहेत. वारा जोरात असला की एवढी वीज होते की ती घ्यायला कुणी नसतं, मग पाती थांबवून ठेवावी लागतात. त्यापेक्षा ती वीज घ्यायची, तिच्यानं हवा तापवायची, ती तापलेली हवा दगडाच्या चुऱ्यातून फिरवायची. चुरा भट्टीसारखा तापतो आणि आठवडेच्या आठवडे तापलेला राहतो. वारा पडला, थंडी वाढली, की त्या दगडातून पाणी तापवून नळानं घराघरात सोडायचं. शाळा, वृद्धनिवास, दुकान, सगळ्यांना एकच ऊब.

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे आमची चूलच की. फक्त सरपण वाऱ्याचं आणि बिल तुमचं." लोक हसले. इंजिनिअरही हसला आणि म्हणाला, अगदी तसंच, आणि चुरा तुमच्याच खाणीतला. कुणाला जुनी चूल काढायची असेल तर तिचा दगडही चालेल, पण चुना-माती खरवडून स्वच्छ केलेला हवा.

सगळ्यांच्या माना विल्योकडे वळल्या. आता हा उठणार आणि काहीतरी बोलणार, अशी आशा होती. गावाला सभेत दुसऱ्यानं भांडलेलं आवडतं. विल्यो उठला.

"आत ज्योत असते?" त्यानं विचारलं.

"नाही. नुसती गरम हवा."

"आणि धूर?"

"धूर कुठून येणार, काही जळतच नाही."

"मग झडप लागत नाही."

इंजिनिअरला हे कळलं नाही. तो म्हणाला, हवा फिरवायला आत छोट्या झडपा असतात, पण त्या यंत्रच उघडतं-लावतं, घरातल्या कुणाला काही करावं लागत नाही. विल्यो म्हणाला, "ठीक आहे," आणि खाली बसला. घरी जाताना सगळे म्हणाले, म्हातारा हरला.

दुसऱ्याच आठवड्यापासून तो चुली मोडायला लागला. कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांनी नळ घ्यायचं ठरवलं त्यांच्या दारात तो छिन्नी-हातोडा घेऊन हजर. बायकांना वाईट वाटलं. राय धान्याच्या पिठाच्या पारीत भात भरून करतात त्या पिराक्का विजेच्या ओव्हनमध्ये नीट भाजत नाहीत, आणि कट्ट्यावर निजणाऱ्या मांजरांचं काय करायचं हाही प्रश्न होता. पण जिचं सरपण आणणारा माणूस मेलाय किंवा ज्याच्या कंबरेत आता जोर नाही, त्यांनी हो म्हटलं. मीही हो म्हटलं. नवरा गेल्यापासून लाकूड फोडायला मला पुतण्याच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत होत्या.

माझी चूल त्यानं वरून खाली उतरवली, बांधली होती त्याच्या उलट. प्रत्येक सांध्यावर हातोड्यानं हलकं टकटक करायचा, कान लावायचा, मग छिन्नी. दगड फुटू नये म्हणून एवढी काळजी, आणि पुढे तो खाणीवर जाऊन चुराच होणार होता. बाहेर अंगणात बसून त्यानं एकेक दगडाची काजळी खरवडली. झडपेचा पत्रा मात्र त्यानं उचलून भंगारच्या ढिगात असा फेकला की मी दचकले. विल्योला काही फेकताना मी कधी बघितलं नव्हतं.

मी त्याला कॉफी दिली आणि विचारलं, "दुःख नाही होत तुला? सगळं आयुष्य यात घातलंस."

"एक कमी झाली," तो म्हणाला, आणि कॉफी बशीत ओतून प्यायला. मला वाटलं, काम उरकल्याबद्दल म्हणतोय.

कणगी भरली, पहिल्या हिवाळ्यात तापली. वृद्धनिवासात सगळ्यांत आधी नळ गेले. विल्योनं लेम्पीचा हात धरून तिला खिडकीशी नेलं आणि कणगी दाखवली. ज्योत नाही, धूर नाही, झडप नाही, असं सांगत राहिला. मी पण त्या दिवशी तिथे होते, तिच्यासाठी लोकर घेऊन गेले होते. एवढं सलग बोलताना मी त्याला पहिल्यांदा ऐकलं. लेम्पी म्हणाली, छान आहे. आणि अंधारून आल्याबरोबर ती उठली आणि भिंतीवरून दोन्ही तळहात फिरवायला लागली.

तिथली परिचारिका मारिसेल, फिलिपिन्सची पोरगी. आमची भाषा तिनं आमच्यापेक्षा स्पष्ट शिकलीय, आणि विचारू नये ते विचारायची तिला सवय आहे, देव तिचं भलं करो. तिनं मला बाहेर नेलं.

"रोज असंच करतात," ती म्हणाली. "पडद्यामागे, कपाटामागे हात घालतात. नखं तुटतात. गोळी दिली तरच झोपतात. तुम्हाला काही कळतं का ते काय शोधतात?"

मी म्हटलं, झडप.

"तेच. सारखं म्हणतात, मी लवकर लावली, मीच लावली, उघडायला पाहिजे. मला वाटलं खिडकीबद्दल. काय लावलं होतं त्यांनी?"

मी तिच्या हातात लोकर दिली. गाडीत जाऊन बसले आणि किल्ली फिरवायचं मला सुचेना. मी लवकर लावली. म्हणजे हवालदारापुढे तो खोटं बोलला होता, आणि ती गप्प राहिली होती. दोन हिवाळे गावानं त्याला वाळीत टाकलं, माझ्या वडिलांनीसुद्धा त्याला उधार द्यायचं बंद केलं, आणि तो मान खाली घालून सगळं घेत गेला. घराघरात शिरून जे निखारे बघत फिरायचा, ते आपलं पाप फेडायला फिरतो असं आम्ही समजत होतो. आम्ही त्याच्यावर विनोद केले. मला त्या दिवशी स्वतःचा, माझ्या मेलेल्या बापाचा आणि सगळ्या गावाचा असा राग आला की घरी येऊन मी भांडी आपटली.

आता गावात एकच चूल विल्योच्या हातची उरली होती, ती त्याची स्वतःची. नळ त्याच्या घरापर्यंत पोचायला उशीर झाला, कारण त्याचं घर शेवटचं. नळ आला आणि त्यानं ती काढली. मदतीला कुणी नको म्हणाला. किती दिवस लागले मला माहीत नाही. त्याची घसरगाडी मात्र रोज दुपारी माझ्या खिडकीवरून जातच होती, आणि कानटोपीवर करडी पूड.

मग एका दुपारी तो माझ्या दारात थांबला. काही मागायला तो कधी कुणाच्या दारात थांबला नव्हता.

"तुझी गाडी लागेल," तो म्हणाला. "लेम्पीला घरी न्यायचंय. तासाभरासाठी."

मी विचारलं, कशाला. तिथे तिला नेऊन उगाच ढवळायचं कशाला?

त्यानं कानटोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, की तिच्या डोक्यात ती चूल अजून पेटलेली आहे. मी हजारदा सांगितलं तरी कानांना पटत नाही. एकदा डोळ्यांनी बघू दे की चूल नाहीच, लावायला काही नाही, उघडायला काही नाही. मग ती संध्याकाळी बसून राहील. तिला एक संध्याकाळ तरी स्वस्थ बसलेली बघायचीय मला.

मला ते पटलं. मला काय कळतंय म्हणा, पण पटलं.

नोव्हेंबर होता, दुपारीच उजेड ओसरायला लागलेला. लेम्पी गाडीत पुढे बसली, मांडीवर पर्स, पाहुणी जाते तशी. घरात शिरताना तिनं बूट काढून जागच्या जागी ठेवले. घर ऊबदार होतं. भिंतीला त्यानं पांढरा रंग दिला होता, आणि चूल होती त्या कोपऱ्यात एक खुर्ची ठेवली होती, बाकी काही नाही. एवढ्या मोठ्या चुलीमुळे खोली केवढी आहे ते कधी कळलंच नव्हतं. आता ती सभागृहासारखी मोकळी दिसत होती. विजेच्या शेगडीवर त्यानं कॉफी ठेवली. मी टेबलाशी बसले.

लेम्पी कोपऱ्यासमोर उभी राहिली. हात पुढे केला, ऊब घ्यायला करतो तसा. मग खाली घेतला.

"चूल कुठे गेली?"

"मोडली," विल्यो म्हणाला. "मीच मोडली. दगड सगळे कणगीत आहेत."

"का?"

तो कॉफीचं भांडं हातात धरून उभा होता. ते त्यानं खाली ठेवलं.

"साइमी तिच्यामुळे गेली म्हणून."

हे नाव मी त्या घरातून, त्याच्या तोंडून, पहिल्यांदा ऐकलं. लेम्पीचा चेहरा हलला. मला वाटलं आता ती किंचाळेल आणि मी अर्धवट उठले. पण ती त्या खुर्चीवर बसली, आणि शाळेत लहान मूल विचारतं तितक्या साधेपणानं तिनं विचारलं, "झडप कुणी लावली?"

या प्रश्नाची सावली त्या दोघांवर आयुष्यभर पडलेली होती, आणि कुणी तो विचारला नव्हता. त्याला काहीही म्हणता आलं असतं. कुणीच नाही, म्हणता आलं असतं. पत्रा आपोआप पडला, म्हणता आलं असतं. आठवत नाही, म्हणता आलं असतं, या वयात कुणी हरकत घेतली नसती. पण हवालदाराला दिलेलंच उत्तर त्याच्या तोंडात तयार होतं.

"मी," विल्यो म्हणाला. "ऊब वाया जाईल म्हणून."

"तू?"

"हो. तू झोपली होतीस."

"मला वाटत होतं मी," लेम्पी म्हणाली. "मला वाटत होतं, मी लावली."

"नाही, लेम्पी. तू झोपली होतीस."

तिनं श्वास सोडला. मी बघत होते. तिचे खांदे खाली आले, तोंडाभोवतीची ती ओढ सुटली, आणि एका क्षणात मला ती शाळेतली लेम्पी दिसली, हातात पळी घेतलेली. विल्योलाही ते दिसलं. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवायला हात पुढे केला.

तिनं तो झटकला. उठली, दारापाशी गेली, आपले बूट घातले. नाडी बांधता येईना, तर तशीच उभी राहिली.

"हेल्का," ती मला म्हणाली. माझं नाव तिला त्या वर्षात पहिल्यांदाच आठवलं होतं. "मला इथून ने. या माणसानं माझी पोरगी मारली. मी याच्याबरोबर कॉफी प्यायची नाही."

मी विल्योकडे बघितलं. तो म्हणाला, "ने तिला. अंधार पडतोय."

त्या संध्याकाळी ती भिंतीकडे गेली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, पुढे कधीच नाही. मारिसेल मला म्हणाली, चमत्कार झाला. गोळी बंद झाली. लेम्पी जेवते, लोकरीचं विणते, टीव्हीवर गाणी लागली की पाय हलवते. दुसरं सगळं ती विसरली, दिवस विसरली, नवरा होता हे विसरली, पण ही एक गोष्ट तिच्या डोक्यात पक्की रुतून बसली: विल्यो तुरुनेननं झडप लावली. सुरुवातीला तो खोलीच्या दारात दिसला की ती हाताला येईल ते फेकायची. एकदा बशी त्याच्या भुवईवर लागली, तीन टाके पडले.

मी त्याच्यावर भडकले. रस्त्यात गाडी थांबवून भडकले. म्हटलं, मला माहीत आहे खरं काय ते, मारिसेलनं तिच्या तोंडून ऐकलंय, तू जा आणि तिला सांग, नाहीतर मी सांगते. एवढी वर्षं गावाचं ऐकलंस ते ऐकलंस, आता तिचंही ऐकणार? कशासाठी? घसरगाडीच्या दांड्यावर हात ठेवून तो माझं सगळं ऐकून घेत होता.

"तू सांगितलंस तर ती संध्याकाळी पुन्हा उठेल," तो म्हणाला.

मी सांगितलं नाही.

तो अजून रोज दुपारी जातो. खोलीत नाही, बाहेरच्या बोळात, गरम नळ भिंतीतून येतात तिथे एक बाक आहे, त्यावर पाठ टेकून बसतो. वारा जोराचा असला तर ती भिंत चांगली तापते, वारा नसला तरी तापतेच. माझ्या चुलीचा दगडही त्या उबेत असेल कुठेतरी, लेम्पीच्या चुलीचाही. तो कानटोपी मांडीवर ठेवतो आणि अंधार पडेपर्यंत बसतो.

परवा मी लेम्पीकडे बसले होते. दार अर्धवट उघडं होतं. तिनं बोळात बघितलं, आता तिला त्याचा चेहराही ओळखू येत नव्हता, आणि मारिसेलला म्हणाली, "तो म्हातारा रोज बसलेला असतो. त्याचं कुणी नाही का? कॉफी दे त्याला, आणि माझ्या डब्यातला पाव दे." मारिसेलला वाटलं, आता जमेल. ती आनंदानं म्हणाली, अहो, ते विल्यो आहेत, तुमचे विल्यो. लेम्पी उठली, तिचा चाकांचा वॉकर ढकलत गेली, आणि दार लावून घेतलं.

कॉफी मी नेऊन दिली. विल्योनं दार लागलेलं ऐकलं होतं. त्यानं कप दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, "काल रात्री झोपली का?"

"झोपली," मी म्हटलं.

"मग झालं," तो म्हणाला, आणि कॉफी प्यायला लागला.